काळ्या शेळीचं चित्र

मुलांच्या चित्रपुस्तकातली शेळी बहुधा पांढरी असते. दाढी, वाकडी शिंगं, गळ्यात घंटा, की झालं काम! धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांच्या दारची शेळी मात्र काळी. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी जातीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. उंच पाय, चकचकीत केस, लोंबते कान. काही शेळ्या तपकिरी, काही ठिपकेदार निघतात, पण कळपात नजरेत भरतो तो काळा रंगच. प्राण्याचं पात्र रेखाटणाऱ्याची ती परीक्षाच घेते.

एका बाबतीत हा रंग सोयीचा. पात्राची बाह्याकृती शाईने पूर्ण भरून टाकायची आणि तरीही प्राणी ओळखू येतो का ते पाहायचं, ही चित्रकारांची जुनी कसोटी. काळी शेळी तिथे आयतीच उतरते. आखूड, वर वळलेली शेपटी आणि लोंबता कान दिसला, की पुरे. अडचण पुढे येते. सपाट काळ्यात पोट, मान, पाय सगळं एक होतं. म्हणून पाठीवर ऊन पडतं तिथे निळसर छटा आणि पोटाखाली तपकिरी छटा द्यावी लागते. निव्वळ काळी शाई छापल्यावर फिकी पडते, तेव्हा छपाईतही तिच्याखाली थोडा निळा घालतात.

डोळा तर वेगळंच प्रकरण. शेळीची बाहुली आडवी, चौकोनी फटीसारखी. ती गोल केली की चेहरा लाडका होतो, पण शेळी कुत्र्याकडे झुकते. सगळीकडे सूट घ्यावी, डोळ्यात नको.

मागच्या पायात उलटा वळलेला सांधा दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा पोटालगत असतो. हे कळलं नाही, तर बाभळीच्या शेंगांसाठी मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी कागदावर पडेल असं वाटतं. इंग्रज लेखिका-चित्रकार बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या ‘पीटर रॅबिट’ला (1902) निळा कोट शोभतो, कारण कोटाखाली खरा ससा आहे. त्यांनी ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षं रेखाटले होते. अमेरिकेत चित्रकार रॉबर्ट मॅकक्लॉस्की यांनी 1941च्या पुस्तकासाठी बदकांची पिल्लं थेट न्यूयॉर्कच्या घरात आणली. ती बाथटबमध्ये पोहत आणि हे चित्रं काढत. धाराशिवच्या चित्रकाराला एवढा खटाटोप नको, बांधावर वही घेऊन बसलं तरी भागतं. फक्त शेळी स्थिर उभी राहत नाही. तेव्हा आधी पाठीचा कणा, मग पाय, आणि चेहरा ती रवंथ करायला बसल्यावर.

मराठीत लेखन आणि चित्रं एकाच हातची असली की काय साधतं, ते माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत दिसतं. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या लेखिकेला 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. चित्र जे सांगतं, ते वाक्याने पुन्हा सांगायचं नसतं. शेळी काळी आहे, बाभळीखाली आहे, चिडलेली आहे, हे मजकुरात कशाला?

उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळं होतं. गोष्टीत दोन करडं आली, की चित्रपुस्तकाच्या 32 पानांत ती वेगळी ओळखू यायला हवीत. मग एकाच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका द्यायचा आणि बाजूने, समोरून, मागून अशी रेखाटनं एका कागदावर करून तो कागद समोर लावून ठेवायचा. संगणकावर चित्र उलटं फिरवून करडू दुसऱ्या दिशेला पळवण्याचा मोह होतो. तसं केलं तर ठिपका उजव्या कानावर जातो, आणि ऐकणारं मूल वाचणाऱ्याला तिथेच थांबवतं.