एकदा बनवला की गेम सगळीकडे चालतो?

एकच वस्तू सगळीकडे चालत नाही, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. एकाच जातीचं कास्टिंग दोन गिऱ्हाइकांना द्यायचं, तर ड्रॉइंग वेगळं, टॉलरन्स वेगळा, तपासणीही वेगळी. पण गेम बनवायची स्वप्नं बघणारी कोल्हापुरातली पोरं मला हमखास सांगतात, "इंजिनात एक्सपोर्टचं बटण असतं की! दाबलं की झाला प्लेस्टेशनचा."

हे अर्धसत्य आहे. अनरियल किंवा युनिटी या गेम इंजिनांत एकाच प्रकल्पातून वेगवेगळ्या यंत्रांसाठी गेम तयार होतो, पण तो तिथे नीट चालेलच असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' अनरियलवरच बनला. तो 18 ऑगस्ट 2020 ला आधी फक्त निन्टेंडो स्विचवर आला. पीसी, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर 15 ऑक्टोबरला. आता यंत्रांतला फरक बघा. प्लेस्टेशन 4 मध्ये 8 जीबी मेमरी, स्विचमध्ये 4, आणि त्यातलीही काही यंत्र स्वतःसाठी राखून ठेवतं. शिवाय स्विच हातात धरला तर पडदा 720पीचा, टीव्हीला जोडला तर 1080पीपर्यंत. म्हणजे एकाच यंत्रावर दोनदा तपासणी.

सेकंदाला 60 चित्रं दाखवायची, तर एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. सावल्या, शत्रूंच्या हालचाली, आवाज, सगळं त्यात बसवायचं. 18 लागले, तर साध्या टीव्हीवर ते चित्र पुढच्या फेरीपर्यंत थांबतं आणि असं सतत झालं की 60 चे थेट 30 होतात. एका देवळाच्या भिंतीवरची नक्षी किती बारीक ठेवायची, दिव्याची सावली पाडायची की नाही, हे त्या जेमतेम 1.3 मिलिसेकंदांसाठी ठरतं. हे काम कुठलंही बटण करत नाही, माणसं करतात.

पीसी ताकदवान, म्हणून सोपा, हाही गैरसमजच. कन्सोलची चिप ठरलेली असते, त्यामुळे शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, आधीच तयार करून पाठवता येतात. पीसीवर ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर घरोघरी वेगळे, म्हणून ते खेळणाऱ्याच्या यंत्रावर तयार होतात. खेळता खेळता मध्येच बसणारा झटका बऱ्याचदा त्याचाच असतो.

सगळ्यात जास्त राग मला "डेव्हलपर आळशी आहेत" या बोलण्याचा येतो. 'बाल्डर्स गेट 3' ऑगस्ट 2023 मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरात प्लेस्टेशन 5 वर, एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरात. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये 16 जीबी मेमरी, स्वस्तातल्या सिरीज एसमध्ये 10. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय त्या 10 मध्ये बसेना. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळूनच गेम आला. तो बनवणाऱ्या शेकडो माणसांच्या लॅरियन कंपनीची ही गत, तर पुण्यातल्या छोट्या चमूने चार ठिकाणी गेम पोचवला याचं मोल मला फार वाटतं.

वर प्रत्येक कन्सोल कंपनीची स्वतःची तपासणी. स्विचवर 'ए' बटण उजवीकडे, एक्सबॉक्सवर खाली; पडद्यावरची खूण चुकली तरी गेम परत येऊ शकतो.

कन्सोलचं डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास यंत्र, कंपनीच्या परवानगीशिवाय मिळत नाही. पण ते नसलं तरी आजच सुरुवात करता येते. तुमचा गेम होस्टेलवरच्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर चालवा, आणि ऐन लढाईत कंट्रोलरची वायर उपटून गेम सावरतो का ते बघा.