आईला झालं, म्हणून मलाही होणार का?

आधी आजीला, मग आईला स्मृतिभ्रंश झालेला ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांच्या मनात पन्नाशीनंतर एक धास्ती घर करून बसते. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही, तरी पोटात गोळा येतो. ही धास्ती अगदीच निराधार नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एपीओई या जनुकाचा उतारवयातल्या अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराशी असलेला संबंध दाखवून दिला. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक ई2, ई3 आणि ई4 अशा तीन रूपांत आढळतं. बहुतेकांकडे ई3 असतं. त्यापासून बनणारं प्रथिन 299 अमिनो आम्लांचं असतं. त्यातल्या 112व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन आलं, की ई3चं ई4 झालं! फरक एवढाच. मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन साचू न देणं ही या प्रथिनाची कामं, आणि त्यात ई4 कमी पडतं. आईवडिलांपैकी एकाकडून ई4 आलं तर धोका वाढतो, दोघांकडून आलं तर फारच वाढतो.

पण धोका वाढला म्हणजे आजार होणारच, असं मुळीच नाही. ई4 असूनही अल्झायमर न झालेली माणसं भरपूर आहेत.

रोजच्या सवयींनी फरक पडतो का, हे पाहण्यासाठी बीजिंगच्या शुआनवू रुग्णालयातले जिया जियानपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये साठी ओलांडलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या 29,072 चिनी नागरिकांची नोंद केली. प्रत्येकाचं एपीओई जनुक तपासलं; साधारण 20 टक्के लोकांत ई4 सापडलं. मग दहा वर्षं त्यांच्या स्मरणशक्तीची पुनःपुन्हा चाचणी घेतली. चाचणी साधी, पण घाम फोडणारी. शब्दांची एक यादी ऐकवायची आणि आठवतील तेवढे शब्द म्हणायला सांगायचं. काही मिनिटांनी पुन्हा विचारायचं, अर्ध्या तासानंतर आणखी एकदा. स्मृतीला ओहोटी लागलेली असेल, तर त्या अर्ध्या तासात शब्द निसटून जातात.

सवयी सहाच पाहिल्या: समतोल आहार, आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम, आठवड्यातून दोनदा तरी लोकांत मिसळणं, तितक्याच वेळा वाचन, लेखन, पत्ते किंवा माजोंग या चिनी खेळासारखं डोक्याला काम, धूम्रपान नसणं आणि मद्य कधीच न घेणं. चार किंवा अधिक सवयी पाळणाऱ्यांची स्मृती, एखादीच पाळणाऱ्यांपेक्षा सावकाश ओसरली. ई4 असलेल्यांमध्येही हेच दिसलं. सर्वांत मोठा वाटा आहाराचा होता. 2023च्या जानेवारीत हा अभ्यास 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यावर एक रास्त शंका निघते. मुळात ज्यांचा मेंदू तल्लख, तेच जास्त फिरतात, वाचतात, गप्पांना जातात, असंही असू शकेल. नुसत्या निरीक्षणातून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सिद्ध होत नाही. शिवाय नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 2019 मधल्या अभ्यासात, जनुकीय धोका जास्त असलेल्यांना चांगल्या जीवनशैलीचा फायदा दिसलाच नव्हता. म्हणून मला फिनलंडचा 'फिंगर' प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर देखरेख असा भरगच्च कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. पहिल्या गटाची बौद्धिक कामगिरी सरस ठरली, आणि ई4 असलेल्यांनाही लाभ झाला. लाभ डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता.

आपल्याकडे भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे रुग्ण अंदाजे 88 लाख आहेत. तरीही काहीही त्रास नसताना केवळ भीतीपोटी जनुकचाचणीवर पैसे घालवू नका, असं मी म्हणेन. ई4 निघालं तरी ते बदलता येणार नाही. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि कानांची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणं हाही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, आणि आपल्या घरांत नेमकं त्याकडेच 'वय झालं' म्हणून दुर्लक्ष होतं. आईवडिलांना ऐकू कमी येत असेल, तर याच महिन्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.