शहरी कचऱ्याचे खत आणि भाजीचा मळा

शहरालगतच्या बागायतदारांना शेणखताची टंचाई नवी नाही. जनावरे कमी झाली, परंतु मळ्याची भरखताची गरज पूर्वीइतकीच आहे. अशा वेळी शहरी केरकचऱ्याचे वा मैल्याच्या गाळाचे खत स्वस्तात मिळते व त्याने जमिनीचा पोत सुधारतो, हे निर्विवाद होय. मात्र त्या कचऱ्यात विजेरीचे सेल व रंगाचे डबे, आणि गाळात मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी मिसळले म्हणजे खताबरोबर कॅडमियम, शिसे, निकेल, जस्त, तांबे हे जड धातूही शेतात येतात. कचरा कुजतो, धातू कुजत नाहीत.

इंग्लंडमधील वोबर्न येथे रॉथॅम्स्टेड संशोधन केंद्राने १९४२ साली भाजीपाल्याच्या रेताड जमिनीत एक प्रयोग सुरू केला. काही वाफ्यांना शेणखत व काहींना मैल्याचा गाळ देण्यात येई. गाळ देणे १९६१ साली थांबले. त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी माती तपासली, तेव्हा गाळातून आलेल्या धातूंचा मोठा भाग वरच्या थरातच आढळला. शेणखताच्या वाफ्यांच्या मानाने तेथे सूक्ष्मजीव जवळजवळ निम्मेच होते. पांढरे क्लोव्हर हे द्विदल चारापीक लावले, तर मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचे कार्यक्षम वाण तेथे उरलेच नव्हते व हवेतील नत्र स्थिर होईना.

बागायतदाराची फसगत होते ती पिकाच्या रूपामुळे. जस्त, तांबे वा निकेल यांचा अतिरेक झाल्यास बहुधा पीकच आधी खुरटते. इशारा तरी मिळतो. कॅडमियमचे तसे नाही. माणसास अपाय होईल इतके कॅडमियम साठले तरी पालक हिरवागार दिसतो. शिसे मुळांवाटे फारसे वर चढत नाही. ते धूळमातीबरोबर पानांस चिकटते व धुतल्याने पुष्कळसे निघून जाते. कॅडमियम पानाच्या आत असल्याने धुऊन जात नाही, आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडांत वर्षानुवर्षे साचत राहते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्याने दूषित झालेल्या खाचरांतील भात खाऊन लोकांची हाडे ठिसूळ झाली. कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले.

आपल्याकडे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ठरविल्या आहेत : किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १०० व निकेल ५०. एवढे कॅडमियम असलेले खत हेक्टरी १० टन दिले, तर ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत पडते. १५ सेंटिमीटर थराची माती सुमारे २० लाख किलो धरली, तर वीस वर्षांत किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमची भर पडेल. स्वच्छ जमिनीत मुळात बहुधा तेवढेही नसते. म्हणून खत घेताना तपासणीचा दाखला मागावा. पोत्यावर ‘सेंद्रिय’ हा शब्द कितीही ठळक छापलेला असो, कॅडमियमला त्याचे सोयरसुतक नाही. काच, सेल वा रंगाचे कपचे दिसणारे खत फुकट मिळाले तरी परत करावे. चाळल्याने तुकडे जातील, विरघळलेला धातू जाणार नाही.

असे खत पूर्वीच पडले असेल तेथे पालक, माठ, मेथी व मुळा घेऊ नयेत. त्याऐवजी शेंगभाज्या, काकडी-दोडक्यासारखे वेल, अथवा झेंडू-शेवंती घ्यावी. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅडमियम बरेचसे जखडून राहते. कोकण-गोव्याच्या आम्ल जांभ्या जमिनीत ते पिकास सहज मिळते. तेथे माती परीक्षणानुसार चुना द्यावा व पुढेही आम्लता वाढू देऊ नये.

मातीचा नमुना पाठविताना जड धातूंची तपासणी हवी असे स्पष्ट लिहावे. नत्र, स्फुरद, पालाशच्या नेहमीच्या तपासणीत हे धातू दिसत नाहीत. नमुना जस्ताच्या घमेल्यात वा खताच्या रिकाम्या पोत्यात गोळा न करता प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत करावा.