नातवंडांचे भाषण : पहिला श्रोता घरातच

शाळा-महाविद्यालयांतून हल्ली मुलांना वारंवार बोलावे लागते. प्रकल्प लिहून भागत नाही, तो वर्गापुढे उभे राहून मांडावा लागतो. तोंडी परीक्षा असते, वक्तृत्व स्पर्धा असतात. मूल तयारी करते ती बहुधा एकट्याने, आरशासमोर. आई-वडील कामावरून थकून आलेले असतात. आजी-आजोबांपाशी वेळ असतो, परंतु ‘त्या विषयातले आम्हाला काय कळते?’ असे म्हणून तेही बाजूला होतात.

वास्तविक सरावासाठी विषय न जाणणारा श्रोताच अधिक मोलाचा. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्रात गावोगावी व्याख्याने ऐकण्याची परंपरा रुजली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या पिढीने अशी व्याख्याने मन लावून ऐकली आहेत. चांगले बोलणे कोणते, याची पारख तिच्या कानांत आहे. तिचा उपयोग नातवंडांना व्हायला हवा.

धडधड म्हणजे आजार नव्हे

बोलायला उठताना छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात. शरीरात ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढल्याची ही लक्षणे होत. हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, श्वास वरवरचा होतो. संकटाला तोंड देण्याची ही शरीराची जुनी रीत आहे.

अशा वेळी ‘घाबरू नकोस’ हे सांगणे फारसे उपयोगी पडत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील ॲलिसन वुड ब्रुक्स यांचे या विषयावरील प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांचे भाषण सरस ठरले. म्हणून ‘छाती धडधडते आहे ना? म्हणजे तुझी तयारी झाली,’ असे आजीने म्हणावे. सोबत श्वासाची एक साधी सवय लावावी : श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने ठोक्यांचा वेग उतरतो. चार-पाच श्वास पुरेत.

घोकंपट्टीपेक्षा आठवणे

मुले कागद पुनःपुन्हा वाचतात आणि पाठ झाले असे समजतात. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यासंबंधी प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा वाचल्यावर पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र उतारा बाजूला ठेवून आठवून पाहणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

तेव्हा आजोबांनी कागद मागून घ्यावा आणि ‘आता तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावे. शब्दन्‌शब्द पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचे सारे अडते. त्याऐवजी चार-पाच मुद्दे, त्यांचा क्रम आणि पहिले व शेवटचे वाक्य एवढे पक्के असावे. सराव एकाच संध्याकाळी तासभर घेण्यापेक्षा चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे घ्यावा. आदल्या रात्री जागरण टाळावे. शिकलेले स्मरणात स्थिर होण्यास झोपेची गरज असते.

वयस्क कान, कडक परीक्षक

उतारवयात बहुधा उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. घाईने बोलणाऱ्या, वाक्याचा शेवट गिळणाऱ्या मुलाचे बोलणे अशा कानाला प्रथम कळेनासे होते. मोठ्या दालनात, पंख्यांच्या घरघरीत मागच्या बाकावरील श्रोत्याचीही अवस्था काहीशी अशीच असते. म्हणून आजोबांना कळले तर बहुतेक सर्वांना कळेल, असे समजण्यास हरकत नाही.

मात्र यासाठी एक पथ्य कसोशीने पाळावे लागते : न ऐकू आलेल्या वाक्याला मान डोलावू नये. अनेक ज्येष्ठ संकोचापोटी तसे करतात. त्यात मुलाची चूक झाकली जाते आणि स्वतःची अडचणही. ‘हे वाक्य मला पोचले नाही, पुन्हा सांग,’ असे मोकळेपणाने म्हणावे. मुलाने सावकाश, समोर पाहून, स्पष्ट बोलूनही शब्द कळत नसतील, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत श्रवणदोषाचा समावेश केला आहे. श्रवणयंत्र असेल तर ते कपाटात न ठेवता सरावाच्या वेळी अवश्य लावावे.

अंथरुणाजवळची सभा

घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर काळजी घेणाऱ्यांनी मुलाला त्या खोलीपासून दूरच ठेवू नये. रुग्णाला बरे वाटत असेल अशी वेळ निवडावी, दूरदर्शन संच बंद करावा, मुलाच्या तोंडावर उजेड असावा. पाच मिनिटे पुरेशी आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला ‘मी काय सांगितले?’ असे विचारून तिची परीक्षा घेऊ नये. तिला मुद्दे आठवणार नाहीत. तरी जवळ बसलेल्या नातवाचा आवाज तिला सुखावू शकतो. ती थकली, अस्वस्थ झाली की सभा तिथेच आटोपावी.

मूल अडखळत असेल तर

तोतरे बोलणाऱ्या मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये, ‘हळू बोल’ म्हणून टोकू नये. नजर न हटवता वाट पाहावी. अडखळणे टिकून राहिले, तर वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तर म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या क्षेत्रात काम करते.

सराव संपल्यावर

भाषण ऐकून झाल्यावर आधी काय आवडले ते नेमके सांगावे आणि मग सुधारणा एकच सुचवावी. दहा सूचना मुलाला पेलत नाहीत. भाषणाच्या दिवशी पोट जड नसावे, पाण्याची बाटली सोबत असावी. घरी परतल्यावर ‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘बोलताना कसे वाटले?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.