एका दिव्याचे व्यक्तिचित्र

घरात व्यक्तिचित्र टिपायला एकच दिवा पुरतो. अवघड असते ती त्याची जागा. चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा उंच ठेवलेला दिवा नाकाची सावली तिरकी खाली पाडतो. तो आणखी बाजूला सरकवला की ही सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर उजेडाचा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने ही रचना ओळखली जाते.

प्रकाश मऊ की कडक, हे वॅटवर नव्हे, तर चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरते. दूर नेलेला मोठा सॉफ्टबॉक्सही कडक सावल्या पाडतो. शिवाय छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. म्हणून दिवा जवळ आणि भिंत लांब असली, तर पांढरी भिंतही करडी दिसते. वेगळा पडदा विकत घेण्याआधी हे करून पाहावे. सावली फार गडद वाटल्यास समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करावी. महागड्या रिफ्लेक्टरचे काम ती चोख करते.

फ्लॅश वापरताना खोलीतले पिवळे बल्ब बंद ठेवावेत, नाहीतर त्वचेवर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि तो नंतर संगणकावरही सहज सुधारत नाही.