टोळी निघायच्या आधी

सकाळी साडेसात. वॉर्डात दोन बाळंतिणी आहेत, दोघींचंही ठीक आहे. राउंड लवकर आटपतो आणि मी कालचे सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन बसते. दसरा आणि दिवाळीच्या मधले हे दिवस बीडमधल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चांगलेच ओळखीचे असतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात, आणि पुढचे सहा महिने फडात जाणार म्हणून बाया वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन येतात. त्यात सगळ्यांत जास्त तक्रार एकच: अंगावरून फार जातंय.

आजच्या गठ्ठ्यात चार रिपोर्टांवर फायब्रॉइड लिहिलंय. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ. ती कर्करोगाची नसते. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांना अशी एखादी तरी गाठ होते आणि कित्येकींना ती कधी कळतही नाही. रिपोर्टात मी आधी सेंटीमीटर बघत नाही, गाठीची जागा बघते. पोकळीच्या आत डोकावणारी दीड सेंटीमीटरची गाठ रक्तस्रावाने बेजार करते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली सात सेंटीमीटरची गाठ पाळीला धक्काही लावत नाही. एका रिपोर्टात जागाच लिहिलेली नाही. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेते.

साडेनऊ. ओपीडी सुरू. पहिल्या आलेल्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय 47. पित्ताच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा सहा सेंटीमीटरची गाठ दिसली. तेव्हापासून झोप नाही.

"बाई, पाळीचा काही त्रास?"

"अजिबात नाही. पण मॅडम, गाठ आहे म्हटल्यावर..."

लघवीला वारंवार जावं लागतं का, पोट जड वाटतं का, दम लागतो का, सगळं विचारते. काही नाही. हिमोग्लोबिन 12. मी त्यांना सांगते की या गाठीला आज कुठलंच औषध नको. पाळी जायचं वय जवळ आलंय, पाळी गेली की गाठीला मिळणारं हार्मोन कमी होतं आणि ती आपोआप आकसते. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. त्याआधी रक्तस्राव वाढला किंवा पोट भराभर मोठं वाटायला लागलं तर लगेच या. त्यांचा विश्वास बसायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पंधरा मिनिटं मी देते. घाबरलेली बाई नुसतं 'काही करू नका' ऐकून घरी गेली, तर आठवड्याभरात दुसऱ्या कुठल्यातरी टेबलावर झोपलेली असते.

अकरा वाजता ती आत येते. सोबत सासू. वय 33, दोन मुलं, नवरा-बायकोचा एक कोयता. परवा टोळी निघणार, कोल्हापूरकडे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणते, "म्याडम, पिशवीच काढून टाका. आमच्यातल्या लई बायांनी काढली. फडात कुठं बदलावं, कुठं धुवावं? अन् चार दिवस पडून राहिलं की खाडा पडतोय."

सासू पुस्ती जोडते, "हिच्या जावंची काढली, ती मोकळी झाली."

जाऊ कशी आहे, असं मी विचारते. सासू थोडी थांबते. कंबर धरून बसलीये, मोळी उचलवत नाही तिला.

सुनेला मी पडद्याआड घेते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. गुलाबी असायला हवा तो भाग पांढराफटक आहे. नखं सपाट झालीत. पाळी किती दिवस? बोटाची पेरं मोजत ती सांगते, आठ. त्यातले पहिले तीन दिवस कापड तासा-दोन तासाला भिजतं, अंगठ्याएवढ्या गुठळ्या पडतात. "रातीला उठून बदलावं लागतंय. मागं चाऱ्याचा भारा उचलता उचलता डोळ्यापुढं अंधारी आली." मागच्या पाळीनंतर काम बंद होतं का? नाही. बंद कसं ठेवणार?

हिमोग्लोबिन 7.8. सोनोग्राफीत तीन सेंटीमीटरची एकच गाठ, गर्भाशयाच्या भिंतीत. पोकळी सरळ आहे, गाठीने तिला कुठे वाकवलेलं नाही. ही एवढी गाठ पिशवी काढायचं कारण होऊच शकत नाही.

बीडमध्ये हे मोकळेपणाने बोलायला लागतं, कारण इथल्या बायकांच्या शरीरावर बरंच काही होऊन गेलंय. 2019 साली राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग झालं, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. कागद गरजेचे आहेत. पण ही बाई समोर बसून स्वतःच पिशवी काढा म्हणते, तेव्हा तिला नकार देऊन भागत नाही. तिची अडचण खरी आहे, तिला दुसरा उपाय हवा. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाला धोका वाढतो, आणि हिला तर रोज डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढायचंय.

मी तिला तांबी दाखवते. साधी नव्हे, हार्मोनची. गर्भाशयात बसवली की थोडं थोडं लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडत राहते, अस्तर पातळ होतं, रक्तस्राव खूप उतरतो. पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त चालते, आणि मूल राहायची काळजीही मिटते. पोकळी सरळ असल्यामुळे हिला ती छान बसेल. माझं मत सरळ या बाजूचं आहे, ते मी तिला सांगते. दुसरा रस्ता गोळ्यांचा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, पाळीच्या जास्त स्रावाच्या दिवसांतच घ्यायचं, चार-पाच दिवसांच्या वर नाही. गाठ त्याने लहान होत नाही, रक्त तेवढं कमी जातं. पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर हे औषध चालत नाही. तसं काही तिला कधी झालेलं नाही.

"तांबीनं लगीच बंद होतंय?"

नाही. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं, अवेळी, डागासारखं जात राहतं.

ती काही बोलत नाही. नवऱ्याशी बोलून संध्याकाळी येते म्हणते.

साडेबारा. लग्नाला दोन वर्षं झालेली मुलगी, वय 28, गर्भ राहत नाही. पोकळीत दोन सेंटीमीटरची गाठ. युट्यूबवर बघून आलीये, तिला शस्त्रक्रिया नकोय, औषधाने गाठ वितळवायचीय. हिला मात्र मी औषधांकडे नेत नाही. हार्मोनची औषधं घेत असताना गर्भ राहणार नाही, आणि ती थांबवली की गाठ पुन्हा वाढते. पोकळीतली गाठ खालच्या वाटेने दुर्बिणीतून काढता येते, पोटावर टाका पडत नाही, बहुतेक त्याच दिवशी घरी. शस्त्रक्रिया टाळायचीच असा हट्ट धरला तर हिचीच वर्षं वाया जातील.

दीड. बावन्न वर्षांच्या एक आजी. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि आता पुन्हा डाग दिसतोय. जुन्या रिपोर्टात फायब्रॉइड आहे, म्हणून घरच्यांनी त्याच्यावर सोडून दिलेलं. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव गाठीच्या खात्यावर कधीच टाकायचा नाही. अस्तराचा तुकडा आजच तपासणीला घेते. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे रक्तस्राव बिघडला असेल तर कुठलाही बिनशस्त्रक्रियेचा उपचार सुरू करायच्या आधी ही तपासणी मी करतेच.

जेवण. भाकरी, शेपूची भाजी.

तीन वाजता फोन. एका पेशंटला गाठ लहान व्हावी म्हणून ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं चालू आहेत, दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया ठरलीये. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जागी होते. ही इंजेक्शनं शरीराला तात्पुरतं पाळी गेल्याच्या अवस्थेत नेतात, म्हणून हा त्रास. हाडांवर परिणाम होतो, त्यामुळे एकटं हे औषध सहा महिन्यांच्या पुढे देत नाही. तिला हे आधी सांगितलंय, पुन्हा सांगते, कॅल्शियम चालू आहे ना विचारते. तिच्या एका नातेवाइकाने युलिप्रिस्टलच्या गोळ्यांचं नाव सुचवलंय. यकृत निकामी झाल्याची काही प्रकरणं पुढे आल्यावर युरोपात 2020 मध्ये त्या गोळ्यांवर निर्बंध आले. मी ती देत नाही.

चार. बँकेत अधिकारी असलेल्या ताई, 42 वर्षांच्या. मूल हवंय का, हा प्रश्न त्यांच्यासाठी केव्हाच मिटलाय. गाठी अनेक, गर्भाशय चार महिन्यांच्या पोटाएवढं. मुंबईच्या भावाने रक्तवाहिनी बंद करायच्या उपचाराची माहिती दिलीये आणि त्या वही घेऊन बसल्यात. अशा पेशंटला मी मनापासून वेळ देते.

या उपचाराची सुरुवात पॅरिसची. तिथले डॉक्टर जॅक राविना शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी गर्भाशयाच्या धमन्या बंद करून घेत. मग लक्षात आलं की काही बायकांचा त्रास तेवढ्यानेच गेला, आणि शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. 1995 साली त्यांनी सोळा बायकांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पुढे अमेरिकेच्या कोंडोलिझा राइस यांनी 2004 मध्ये, परराष्ट्रमंत्रिपदासाठी नाव जाहीर झालं त्याच आठवड्यात, हाच उपचार घेतला आणि दुसऱ्या दिवशी घरी गेल्या.

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालतात, क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत ती गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि वाळूच्या कणाएवढे बारीक कण सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा तुटतो. पुढच्या सहा महिन्यांत ती बऱ्यापैकी आकसते. भूल फक्त त्या जागेची. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, बीडमध्ये नाही, संभाजीनगर किंवा पुण्याला जावं लागेल.

"दुखतं?"

दुखतं. पहिली रात्र चांगलीच दुखते, वेदनाशामकाची सोय पक्की हवी. नंतर काही दिवस कणकण, थकवा. ताप वाढत गेला किंवा घाण वास येणारा स्राव झाला तर थांबायचं नाही, लगेच यायचं. आणि एक गोष्ट मी त्यांना वहीत लिहायलाच लावते: हा कायमचा निकाल नाही. नेदरलँड्समधल्या अभ्यासात दहा वर्षांनी सुमारे दोनतृतीयांश जणींचं गर्भाशय शाबूत होतं, उरलेल्यांना ते शेवटी काढावंच लागलं. दोनतृतीयांश मोठा आकडा आहे, पण आपण उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यातही असू शकतो हे धरून निर्णय घ्यावा.

ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याबद्दलही त्या विचारतात. एमआरआयच्या देखरेखीखाली करायच्या तशा यंत्राला अमेरिकेत 2004 मध्येच परवानगी मिळाली. मात्र इतक्या गाठी असताना तो मार्ग अवघड. आधी एमआरआय करू, देठावर लोंबणारी गाठ आहे का बघू, मग रेडिओलॉजिस्टला चिठ्ठी देते. त्या म्हणतात, "मार्चएंडनंतर करते. तोपर्यंत?" तोपर्यंत लोह आणि पाळीत गोळ्या.

साडेसहा. अकराची बाई परत आलीये, या वेळी नवऱ्याबरोबर. तो दाराशी उभा, ती खुर्चीत बसते आणि स्वतःच बोलते.

"म्याडम, तांबी नको. आता नको. सहा महिने रोज थोडं थोडं जायलं तर तितं काय करू? पाण्याचा ठावठिकाणा नाही. आठ दिवस तरी ठरलेले असत्यात, कापडं जपून ठेवता येत्यात. गोळ्या द्या. परत आल्यावर बसवते."

मी सकाळी कागदावर जे योग्य ठरवलं होतं, त्यात तिचा हंगाम धरलेला नव्हता. तिने तो धरला आणि तिचा हिशेब बरोबर आहे. डाग जायचे ते महिने नेमके फडात येतील, तर गुढीपाडव्यानंतर घरी बसवलेली तांबी पुढच्या दिवाळीपर्यंत स्थिरावलेली असेल.

चिठ्ठी मराठीतून लिहिते: पाळी जोरात सुरू झाली की दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, पाच दिवसांच्या वर नाही. एक पाय सुजला, पोटरी दुखली, छातीत दुखलं, दम लागला, तर गोळ्या बंद आणि जवळचा सरकारी दवाखाना. सहा पाळ्यांचा साठा आजच देते, कारण तिकडे मेडिकल किती लांब असेल सांगता येत नाही. लोहाच्या गोळ्यांनी 7.8 लवकर वर येणार नाही आणि परवा ट्रॅक्टर निघतोय, म्हणून उद्या सकाळी शिरेतून लोहाची बाटली. नवऱ्याला सांगते की पहिला महिना तोडायचं काम हिला द्या, मोळ्या तुम्ही वाहा. तो मान हलवतो. मुकादमाशी बोलतो म्हणतो.

सिस्टरला सांगते, उद्या नऊच्या आत बेड रिकामा ठेवा, आणि एप्रिलच्या रजिस्टरला हिचं नाव, गाव आणि नवऱ्याचा नंबर आत्ताच लिहून घ्या.