तुमच्या नावावर भलत्याचेच कर्ज? हप्ता भरू नका, आधी लेखी तक्रार करा

अहिल्यानगर : बँकेत कर्जासाठी जावे आणि 'तुमच्या नावावर आधीच थकबाकी आहे' असे ऐकायला मिळावे. आधार-पॅनच्या प्रती वापरून दुसऱ्यानेच कर्ज उचललेले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या पॅनवर कोणीतरी दोन हजारांचे कर्ज काढल्याची तक्रार अभिनेत्री सनी लिओनी यांनी केली होती. वसुलीच्या फोनला घाबरून एक हप्ता जरी भरला, तरी 'कर्ज मान्य होते' असा दावा संस्था करू शकते.

पहिले काम कोणते?
सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क यांचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो काढा. १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. ओळखचोरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

संस्थेकडे काय मागाल?
कर्जाचा अर्ज, केवायसीचा फोटो, ओटीपी गेलेला मोबाइल क्रमांक आणि पैसे जमा झालेले खाते. ते खाते तुमचे नसेल, तर तुमची बाजू भक्कम होते. मागणी लेखी करा, पोच घ्या.

किती दिवसांत दुरुस्ती?
पतअहवालातील चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

दाद कुठे?
बँक किंवा वित्त कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. पतसंस्था मात्र त्याच्या कक्षेत नाहीत. तिथे सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जावे. तुम्ही त्या संस्थेचे ग्राहक असाल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते.

लोकपालाने नाकारले तर?
तरी वाट संपत नाही. एका कंपनीच्या खात्यातून ७६.९० लाख रुपये परस्पर गेले. लोकपालाने तक्रार फेटाळली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून बँक ऑफ बडोदाला रक्कम परत करण्यास सांगितले. अशा ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते.

हे लक्षात ठेवा
झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कारण लिहून सही करा.